माझी खूण पुसू नका

"कुठे आहेस?"

मांजराच्या पिल्लासारखा बारीक, पण रानभर पोचणारा तो आवाज माझ्या आईचा होता. आमच्यातली थोरली मादी तीच. सांज उतरली की ती झाडावरून अशी हाक घालायची आणि फांदीफांदीवरून उत्तर यायचं, "इथे आहे." सगळ्यांची उत्तरं आली की मगच आमचा कळप शेपट्या एकमेकांत गुंफून झोपी जायचा.

त्या संध्याकाळी आईने हाक घातली तेव्हा मी एका पोत्यात होतो. तिच्या पाठीवरून मला कुणीतरी ओढून काढलं होतं. तोंड पोत्याचं बांधलेलं होतं, माझं नाही. मला उत्तर देता आलं असतं. पण भीतीने आवाजच फुटेना. आई हाक घालत राहिली. हाक लांब गेली, अजून लांब गेली, मग वाऱ्यात विरली.

मित्रांनो, मी एक जुना, उतारवयाचा लेमूर आहे. मला पाहून कुणी माकड म्हणतं, कुणी मांजर, तर कुणी कोल्हा. हवं तर मला माकडांचा लांबचा चुलतभाऊ म्हणा, पण जाणं-येणं नसलेला. माझ्या शेपटीवर काळे-पांढरे पट्टे आहेत आणि डोळ्यांभोवती कुणी काजळ फासल्यासारखी काळी वर्तुळं. या काजळावरूनच माझं नाव पडलं, काजळ्या. ते ठेवलं बुटकीने.

बुटकी म्हणजे लाँड्रीवाल्यांची लेक. ती मोठ्या तापातून उठली होती. हसणं विसरली होती. तिच्या बाबांना वाटलं, पोरीला काहीतरी जिवंत खेळणं आणावं. पक्षी विकणाऱ्या माणसाने माझी मानगूट धरून त्यांना सांगितलं, "अहो, कुत्र्याहून गरीब! दूध-बिस्किटांवर राहतो. बघा, कसा चिकटतो अंगाला!" मी चिकटलो हे खरं आहे. आई सोडून दुसरं काहीच ठाऊक नसलेलं पिल्लू मिळेल त्या उबेला चिकटतं. त्याला माणसं लळा म्हणतात.

लाँड्री खाली आणि घर वर, मधे लाकडी जिना. खाली दिवसभर वाफ, ओल्या कपड्यांचा भार आणि साबणाचा वास. बुटकीचे बाबा इस्त्री करत आणि तिची आई प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने एक बारकी खूण करत असे. कुणाची एक फुली, कुणाचे दोन ठिपके. त्या खुणेवरून कपडा ज्याचा त्याला परत जायचा. काम करता करता आई गुणगुणायची,

लोकांची कापडं, बाई मी धुते धुते,
ज्याचं त्याच्या दारी, सांजेला नेऊन देते.

ही माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगतो. बुटकी मला पाहून हसली आणि त्या दिवशी पोटभर जेवली. तिने मला आपल्या बाहुलीचं अंथरूण दिलं. आपल्या ताटातला गोड घास ती आधी माझ्या तोंडाशी धरायची. पण मित्रांनो, मी पानं खाणारा प्राणी. गोडाने माझं अंग सुटलं, दात किडले. जनावरांचे डॉक्टर आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "मी गाई-म्हशी बघतो, कुत्री बघतो. याला कुठे हात लावायचा, हे मलाच पुस्तकात बघून यावं लागेल."

सकाळी जिन्यावरच्या खिडकीतून उन्हाचा एक तुकडा यायचा. मी पाय पसरून, हात गुडघ्यांवर उघडे टाकून, पोट उन्हाला लावून बसायचो. आमच्या रानात सगळे असेच बसतात, रात्रीचा गारठा अंगातून काढायला. बुटकी ओरडायची, "आई, बघ ना! काजळ्या मिठी मागतोय!" आणि धावत येऊन मला कवटाळायची. मिठी मिळायची, ऊन जायचं. तुकडा सरकून भिंतीवर चढेपर्यंत तिचे हात सुटत नसत. ढगाळ दिवसांत मी तसाच इस्त्रीच्या तापलेल्या टेबलासमोर बसायचो. गिऱ्हाइकं कौतुकाने हसायची. हात उघडे ठेवून बसणारा जीव सुखातच असणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

बोलायचो मात्र मी कधीच नाही. ते उत्तर मी पोत्यातून बाहेर काढलंच नव्हतं. आणि हाक घालायला तिथे होतं कोण?

मग मी मोठा झालो. आम्हा नरांच्या मनगटांत एक वास असतो. तो आम्ही फांद्यांवर घासून ठेवतो. तोच आमचा पत्ता, तीच आमची पाटी, 'इथे मी राहतो'. मला फांद्या नव्हत्या. मी दाराच्या चौकटीला मनगट घासलं, खिडकीच्या कडेला घासलं, जिन्याच्या कठड्याला घासलं. आणि लाँड्रीच्या घरात, तुम्हीच सांगा, वास कसा टिकणार? आई साबणाचं फडकं घेऊन यायची आणि सगळं लख्ख करून जायची. मग ती मलाही टबात घालून घासायची. मी थरथरत बाहेर यायचो आणि माझ्याच अंगाला मी सापडत नसे. म्हणून पुन्हा घासायचो, आणखी जोरात. ती पुन्हा धुवायची. घासणं आणि धुणं, किती वर्षं चाललं कोण जाणे.

एकदा मी टांगलेल्या कपड्यांवरही मनगट घासलं. शाळेतल्या बाई दुकानात येऊन कडाडल्या, "मी कोट धुवायला दिला होता, जंगलात फिरायला नव्हता दिला!" तेव्हापासून माझ्या कमरेला दोरी आली आणि दोरीचं दुसरं टोक जिन्याच्या कठड्याला गेलं. दोरी खिडकीपासून हातभर आखूड होती. ऊन समोर दिसायचं. मी हात उघडे टाकून सावलीतच बसायचो.

अशाच एका सकाळी बुटकीने मागून येऊन मला कवटाळलं. मी तिला ओळखलं नाही, असं म्हणणार नाही. ओळखलं. पण दोरी, तो उन्हाचा तुकडा आणि कुणीतरी मागून धरलेलं अंग, सगळं पोत्यासारखं वाटलं. मी तिच्या हातात दात रुतवले.

हाताला टाके पडले. बाबा पक्षीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "एवढंच ना? सुळे उपटून टाका. गाय होईल गाय!" बाबांना ते पटलं. पोर आधीच एकदा मरणाच्या दारातून आली होती, त्यांचं काय चुकलं? दुसऱ्या दिवशी मला न्यायचं ठरलं. पिंजरा दाराशी येऊन बसला.

त्या दुपारी आई चौकट पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"अहो, जरा इकडे या."

"काय बघायचंय? घाण आहे. पूस."

"रोज पुसते. रोज इथेच असते. चौकटीला याच उंचीवर, खिडकीच्या याच कोपऱ्यात. डाग असा जागा धरून पडतो का कधी?" ती फडक्याकडे बघत राहिली. "हा डाग नाही हो. खूण आहे. आपण कॉलरला करतो तशी."

बाबा हसले. "म्हणजे हाही लाँड्री चालवतो म्हण की!"

आई हसली नाही. "उभ्या जन्मात मी कुणाच्या कपड्याची खूण जाऊ दिली नाही. आणि याची रोज साबण लावून धुतली."

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"खुणेवरून कपडा कुणाचा ते कळलं, की आपण काय करतो?" आईने विचारलं.

"पोचता करतो."

"मग?"

"अगं, पण याचं घर समुद्रापलीकडे. कुठल्या दारात नेऊन ठेवायचं?"

जिन्यात बसलेली बुटकी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून रडायला लागली. "माझा आहे तो! मी नाही देणार!"

आई तिच्याशेजारी जाऊन बसली. "बुटके, तुझा असता तर तुझ्या मिठीत असा कळवळला असता का गं?"

सुळे वाचले. पण मित्रांनो, तुम्हाला वाटेल तसं मला रान काही मिळालं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता जंगलात सोडलात तर चार दिवस जगायचा नाही. कोणतं पान खायचं, सापाला कसं ओळखायचं, हे आया शिकवतात. याला शिकवलं कुणी?" शेवटी त्यांनीच शोधून काढलेल्या एका आश्रयस्थानात मला पोचवलं. माणसांच्या घरांतून सुटलेले, टाकलेले, माझ्यासारखेच लेमूर तिथे राहतात. झाडं आहेत, ऊन आहे. आणि झाडं संपतात तिथे तार आहे. ती आता माझ्या जन्माला पुरणार.

पहिल्या दिवशी सगळे मला हुंगायला आले. त्यांना साबणाचा वास आला. एकेक करून ते पाठ फिरवून गेले. मी तारेजवळच्या एका खांबाशी राहिलो. सवयीने खांबाला मनगट घासलं आणि फडक्याची वाट पाहिली. कुणी आलं नाही. सकाळी उठून हुंगलं, तर मी तिथेच होतो! तुमच्या घराच्या दारावरची पाटी रोज कुणी पुसून टाकली आणि एके सकाळी ती तशीच दिसली, तर तुम्हाला कळेल मला काय झालं ते.

म्हणून एक मागणं आहे. आम्ही गोजिरे दिसतो, हा आमचा दोष नाही. आमच्यावर माया असेल, तर चित्रात बघा, लांबून बघा, आमचं रान राखा. पण आमचं पिल्लू कुणी विकायला आणलं, तर 'किती गोड' म्हणण्याआधी एवढं विचारा, याची आई कुठे आहे? घ्यायला कुणी नसेल, तर पिल्लाला आईपासून तोडायलाही कुणी जाणार नाही.

काल आई आणि बुटकी मला बघायला आल्या होत्या. बुटकी आता आईहून उंच झाली आहे, नाव तेवढं बुटकीच राहिलं. हातावर माझ्या दातांची खूण आहे, ती पुसली गेली नाही. तिने तारेतून हात आत घातला नाही. नुसती उभी राहिली, माझं ऊन न अडवता.

सांज झाली. इथल्या थोरल्या मादीने झाडावरून हाक घातली, "कुठे आहेस?" फांदीफांदीवरून उत्तरं आली. मला वाटलं, झालं, रोजच्यासारखे आता सगळे झोपतील. पण ती झोपायला वळली नाही. खांबावरचा माझा वास आता तिच्या ओळखीचा झाला असावा. खांबाकडे तोंड करून तिने पुन्हा हाक घातली. एक उत्तर कमी होतं.

पोतं आठवलं. आणि मग तोच बारीक, रानभर पोचणारा आवाज माझ्या तोंडून निघाला.

बुटकी दचकली. "आई, हे कोण बोललं?"

"काजळ्या."

"पण तो कधी बोलतच नव्हता गं! काय म्हणाला?"

आईला ते कसं कळणार? तुम्हाला सांगतो. मी म्हणालो, "इथे आहे."