ठमीचे टाके

व्हॅनवाल्याने पिंजऱ्याचं दार वर ओढलं, तरी ठमी बाहेर येईना. शिंपीकाकांनी जिभेने चुकचुक केलं, तेव्हा ती गल्लीतली कुत्री हळूच उतरली. पोटावरचे केस भादरलेले, डाव्या कानाचं टोक कापलेलं.

"कानाचं काय केलंत हे?"

"खूण आहे, काका. पुन्हा कुणी उचलून नेऊ नये म्हणून. बाकी ऑपरेशन झकास झालंय." व्हॅनवाला हसला. "आता हिचा पाळणा कायमचा बंद!"

काकांना हसू आलं नाही. फोन त्यांनीच केला होता, काकूंना न विचारता. कळल्यावर काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "मुक्या जिवाला विचारलंत?" तेव्हापासून घरात अवाक्षर नव्हतं. ताट वाढलं जाई, चहा पुढे येई. बोलणं तेवढं आटलं.

ठमी दर खेपेला व्यायची आणि दर खेपेला पिल्लं गाड्यांखाली जायची. शिलाईतल्या चिंध्यांमध्ये गुंडाळून काकू ती मागच्या मोकळ्या जागेत पुरून येत, हात धुऊन स्वयंपाकाला लागत. रडत नसत. पोटची लेक गेली तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. काकांनी त्या कोरड्या डोळ्यांचीच धास्ती घेतली होती.

काकू पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. ठमी त्यांच्या पायाशी जाऊन आडवी झाली. काकूंनी शेंग खाली ठेवली, तिच्या पोटावरून हात फिरवला. टाक्यांपाशी बोटं थांबली.

"मला पुन्हा बघवलं नसतं," काका उभ्यानेच म्हणाले.

"पिल्लांकडे?"

"तुझ्याकडे."

काकू ठमीला थोपटत राहिल्या. मग, भाजी काय करू असं विचारावं तशा सुरात म्हणाल्या,

"मागच्या खेपेचं एक जगलं होतं."

काका झटकन वळले.

"देऊन टाकलं. दुधाचा टेम्पो येतो ना, त्या माणसाला. ओळख ना देख."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही ठेवून घेतलं असतंत. मग मला लळा लागला असता."

काका पायरीवर बसले. काकूंनी शेंगांचं ताट थोडं त्यांच्या बाजूला सरकवलं. दोघंही सोलू लागली. ठमीचा डोळा लागला होता.

बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं, "काळं होतं की पांढरं?"

"विचारू नका."

आणखी दोन शेंगा सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पांढरं."