बंदीची ओळ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा एक फोरम होता आणि त्याचा कारभार दोघा भावांतला धाकटा पाहायचा. दोघेही घड्याळजी. दुकानं वेगळी, फोरम मात्र दोघांनी मिळून काढलेला. त्याचं सॉफ्टवेअर आयतं आणलेलं आणि त्याची भाषा कोर्टाच्या नोटिशीला लाजवेल अशी. 'आपली विनंती अयशस्वी ठरली आहे' हे वाचून निम्मे कारागीर पहिल्याच आठवड्यात पळाले. मग धाकट्याने सेटिंगमधलं भाषेचं पान शोधून काढलं. फोरमवर दिसणारं प्रत्येक वाक्य तिथे एकेका रकान्यात होतं आणि ते पुसून आपलं लिहिता येत होतं. माकडाच्या हाती कोलीत मिळालं. 'पासवर्ड चुकीचा आहे' जाऊन 'ही चावी या कुलपाची नाही' आलं. 'संदेश प्रकाशित झाला' जाऊन 'पोचलं बरं का' आलं. लोक खूश झाले, आणि धाकटा लोकांहून खूश.

कौतुक डोक्यात जायला वेळ लागत नाही. एकदा त्याने दुरुस्त केलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो टाकला. खाली दादाने सगळ्यांदेखत लिहिलं, 'चाकांच्या दात्यांना तेल लावणाऱ्याने सायकली दुरुस्त कराव्यात.' दात्यांना तेल लावलं की धूळ धरते, हे नवशिक्यालाही माहीत असतं. म्हणूनच ते झोंबलं. धाकट्याने सख्ख्या भावावर बंदी घातली. बंदी घालताना सॉफ्टवेअर कारण विचारतं. रागाच्या भरात त्याने चौकटीत लिहिलं, 'बोलायची पोच नसलेल्यांना इथे जागा नाही.'

राग चार दिवसांत ओसरला, अबोला मात्र वर्षभर टिकला. बंदी उठवणं एका बटणाचं काम होतं. पण गुपचूप उठवली तर दादाला कळणार कसं? आणि कळवायचं म्हणजे बोलणं आलं. धाकटा फोन हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. दादाशिवाय त्याला करमत नव्हतं, हे खरं. शेवटी तो आपल्या ओळखीच्या जागी गेला, भाषेच्या पानावर. तिथे 'आपल्याला प्रवेशाची परवानगी नाही' अशी ओळ होती. बंदी असलेल्याला हीच दिसत असणार, असं तो धरून चालला. ती पुसून लिहिलं, 'दादा, चुकलं माझं. दुकानावर ये.'

ही ओळ सॉफ्टवेअर येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनाच दाखवत होतं. सभासद नसलेल्या कुणी बंद दालनावर बोट ठेवलं की समोर धाकट्याची माफी हजर. कुणी कळवलं, 'मी दादा नाही, पण माफ केलं.' एका बाईंनी विचारलं, 'नेमकं काय चुकलं?' एक गृहस्थ तर गजराचं घड्याळ घेऊन दुकानात उभे राहिले. "बोलावलंत, म्हणून आलो," म्हणाले. धाकटा शरमेने अर्धा झाला. तरी ओळ त्याने पुसली नाही. दादाने वाचेपर्यंत ती तिथे राहणार होती, मग जग हसलं तरी बेहत्तर.

एका दुपारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, यांना दोघातिघांनी सांगितलं, भावाने माफी मागितलीय, जाऊन बघ. आज बघितलं यांनी."

"मग?" धाकट्याने विचारलं.

"मग काय? बोलायची पोच नसलेल्यांना इथे जागा नाही. हेच दिसलं. लोकांपुढे गोड आणि घरच्याला हे? जेवता जेवता ताट सरकवून उठले."

"वहिनी, शक्यच नाही."

"मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय," वहिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

फोरमच्या मालकाला बंदीचं पान कधी दिसतच नाही. धाकट्याने एक खोटा सभासद तयार केला आणि त्याच्यावर बंदी घातली. कारणाच्या चौकटीत नुसतं 'क' लिहिलं. मग त्या खोट्या नावाने आत जायला बघितलं. पडद्यावर एकटा 'क' होता. बंदी असलेल्याला फक्त कारण दिसत होतं, माफीचा मागमूस नव्हता. परक्यांची माफी मागून झाली होती आणि ज्याची मागायची त्याला वर्षभर शिवी वाढून ठेवली होती.

चौकट तिथल्या तिथे दुरुस्त करता आली असती. हात तिकडे वळलाही. पण आता दादा ते पान पुन्हा कशाला उघडेल? धाकट्याने दुकानाचं शटर ओढलं आणि तो दादाच्या घरी निघाला.

दादा टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने मान वर केली नाही. वहिनी दारातून बाजूला झाली. लोकांसाठी पानंच्या पानं वाक्यं सजवणाऱ्याने तीच जुनी ओळ काढली.

"दादा, चुकलं माझं."

"हे सगळ्या जगाने वाचलंय," दादा चाकाकडे बघत म्हणाला. "मला वेगळं काय सांगणार आहेस?"

धाकट्याजवळ वेगळं काहीच नव्हतं. त्याने तेच पुन्हा म्हटलं.

दादाने डोळ्यावरचं भिंग काढलं.