डाव्या अंगाचा बैल

वाफसा आला होता. माती मुठीत दाबली की लाडवासारखी वळायची आणि सोडली की भुगा व्हायची. बेळगुंदीकडच्या त्या तांबड्या रानाचा वाफसा म्हणजे घाईतला पाहुणा. वेळेवर पाट मांडला नाही तर निघून जाणारा. आणि भरमू भातपेरणी सोडून पेरायच्या कुरीभोवती नुसता फिरत होता. मध्येच खाली बसे, माती चाचपी, पुन्हा उठे. बांधाला त्याचा हरण्या एकटाच उभा होता, आणि एका बैलानं कुरी ओढली जात नाही.

जोडीचा शेंद्या परशरामाच्या गोठ्यात होता. बापजाद्यांपासून दोन्ही घरांचा पैरा चालत आलेला. एक बैल ह्याचा, एक त्याचा. आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं. हरण्या कायम डाव्या अंगाला, शेंद्या उजव्या. पण दोघं मालक पंचायतीच्या एकाच जागेला उभे राहिले आणि पैरा तुटला. आदल्या दिवशी तंबाखूच्या व्यापाऱ्यानं, आण्णाप्पानं, आपला एक बैल भरमूला वापरायला दिला होता. तोही निघाला डाव्या अंगाचा. दोघांनी जू असं काही ओढलं, की तासं सापासारखी वाकडी पडली. भरमूनं बैल परत नेऊन बांधला.

साहेबाच्या अमदानीत गावाला पंचायत मिळाली होती आणि खालच्या गल्लीच्या वाट्याला एक जागा आली होती. गल्लीला विहीर नव्हती. बायका ओढ्याचा झरा उपसून घागरी भरत. विहिरीसाठी उभा राहतोय, असं भरमू सगळ्यांना सांगे, आणि ते खोटं नव्हतं. पण बायकोलाही न सांगितलेली आणखी एक गोष्ट होती. त्याच्या बापाची आणि आज्याची उमर चावडीच्या पायरीखाली उभं राहण्यात गेली होती. भरमूला एकदा तरी वरच्या जाजमावर बसायचं होतं.

आण्णाप्पाचं गावातलं मोठं घर. त्यानं हे बरोबर ओळखलं. देवळात नेऊन त्यानं भरमूच्या हातावर बेल-भंडारा ठेवला. "तू हुबा ऱ्हा, मी हाय मागं. पर आता माघार न्हाय, देवाची आण हाय," तो म्हणाला. भरमूनं भंडारा कपाळाला लावला. मागाहून कळलं, की परशरामही उभा आहे. आणि शेवटच्या दिवशी आण्णाप्पाचाच अर्ज आला. गावानं गळ घातली, मोडता येईना, असं तो ज्याला त्याला सांगू लागला.

आज चावडीत मतं होती. मालुबाई न्याहारी घेऊन रानात आली. नवऱ्यांनी तोंडं फिरवली तरी झऱ्यावर तिचं आणि परशरामाच्या नागुबाईचं बोलणं चालूच होतं. भाकरी पुढं ठेवून ती म्हणाली, "परशरामदादा जेवना झाल्यात म्हनं. नाव काढून घ्यावं म्हनत्यात, पर बेल-भंडारा उचललाय न्हवं आण्णाप्पाफुडं."

भरमूचा घास तोंडातच राहिला. "कवा?"

"तुमी उचललासा त्याच्या आदल्या दिशी." तिनं कांदा फोडून त्याच्या पुढ्यात सारला. "दोन बैल झुंजाय लावायचं आन मोकळ्या रानात आपली म्हस चाराय सोडायची. न्हाय कळत व्हय तुमाला?"

भाकरी तशीच टाकून भरमू उठला. भंडारा मोडणाऱ्याच्या गोठ्यात दावणीला जनावर टिकत नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. नाव मागं घेता येत नव्हतं. चावडीच्या वाटेवरून तो दोनदा मागं फिरला आणि दोनदा पुन्हा निघाला.

चावडीत खालची गल्ली निम्मी भरमूमागं, निम्मी परशरामामागं बसली होती. आण्णाप्पा जाजमावर पान जमवत होता. तालुक्याहून आलेल्या कारकुनानं पहिलं नाव भरमूचं पुकारलं आणि त्याच्या बाजूच्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. गल्लीतली माणसं भरमूच्या हाताकडं बघू लागली. भरमूनं दोन्ही हात काखेत घातले. नाव मागं घ्यायचं नाही, एवढीच आण होती. हात वर करायची आण कुणी घातली नव्हती. अर्धवट उचललेले हात एकेक करून खाली आले. भरमू खाली बघत राहिला.

"एक," कारकून म्हणाला.

भरमूनं मान वर केली. हात परशरामाचा होता. ताठ वर धरलेला, आणि तोंड भलतीकडंच वळवलेलं.

परशरामाच्या माणसांना काही उमगायच्या आत कारकुनानं आकडा मांडलासुद्धा. मागून कुणीतरी खुदकन हसलं. दुसरं नाव परशरामाचं आलं. आता भरमूचा हात काखेतून कधी निघाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याच्यामागं सगळ्या गल्लीचे हात जोंधळ्याच्या ताटांसारखे उभे राहिले. आण्णाप्पा पान चघळायचा थांबला. त्याच्या नावाला जाजमावरचे चार-दोन हात तेवढे उठले.

परशरामाला वर बोलावलं. काट्यावर बसावं तसा तो जाजमाच्या कडेला टेकला. भरमू पायरीखाली उभा होता, बाप उभा राहायचा तिथंच. आपल्याला काही वाटणार नाही असं त्याला वाटलं होतं. पण वाटलं, आणि मनाला चांगलंच लागलं. मग त्याला वाफसा आठवला आणि तो झपाझप रानाकडं निघाला.

हरण्याला बांधावरून सोडतोय तोवर मागून शेंद्याची घुंगरं वाजली. परशरामानं मुकाट्यानं बैल उजव्या अंगाला लावला. मालुबाईनं ओटीत बी घेतलं आणि ती बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरून कुरीमागं चालू लागली. पहिलं तास असंच गेलं. मग परशराम हरण्याला म्हणाला, "हरण्या, तुझ्या मालकाला इचार, हात काखंत कशाला घातलंतं?"

"शेंद्या, तुझ्या मालकाला सांग, काखंत गळू झालंय."

मालुबाईनं पदर तोंडाला लावला.

"गळवाला काय लावायचं ते नागू सांगंल म्हनावं."

"लावंन की. पर शेंद्या, ह्येबी सांग," भरमू म्हणाला. "हीर झाली न्हाय तर फुडच्या खेपेला मी हुबा हाय. आन तवा तेवढा एकट्याचाच हात वर करू नगं म्हनावं. लई लाजल्यागत हुतं."

परशरामानं शेंद्याच्या पाठीवर थाप मारली.

तासं सुतात धरल्यासारखी सरळ पडत होती. फक्त बांधाशी वळताना भरमूची नजर चावडीच्या कौलांकडं जायची, आणि तेवढ्यापुरता हरण्या थबकायचा.