हिल्काच्या तळ्यावरचे डास

गेममधल्या हिल्काच्या तळ्यापायी दोन वर्षं आमचा जीव मेटाकुटीला आला होता. हेलसिंकीतल्या आमच्या छोट्याशा गेम-कंपनीत ती प्रकाशाचं काम बघते, आणि आधीच रंगवून ठेवलेला उजेड तिला अजिबात चालत नाही. सूर्याचा किरण कुठून निघाला, पाण्यावर आपटून कुठल्या भिंतीवर पडला, हे खेळ चालू असतानाच मोजायचं. त्यालाच रे ट्रेसिंग म्हणतात. पापणी लवायच्या आत हे उरकायचं, तर किरण मोजकेच सोडता येतात आणि चित्रावर ठिपकेच ठिपके उठतात. ते पुसणारी एआय मी घडवली होती. मला तिचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

सोमवारी आमच्या मालकानं, ऑस्मोनं बजावलं, "बुधवारी तीन वाजता तळं दाखवा. पटलं तर ठेवू. नाहीतर परत रंगवलेला उजेड." म्हणजे हिल्काची दोन वर्षं पाण्यात. तिनं कॉफीचा तिसरा मग भरून आणला.

ऑस्मो गेल्यावर मी तळं चालू केलं. जूनमधलं न मावळणारं ऊन, लाकडी धक्का, काठावरच्या सौनाचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचा धूर. कुठे अडखळणं नाही. मी खुर्चीत ऐसपैस रेललो.

"आर्वो, हे तळं नाही," हिल्का म्हणाली.

"मग काय पोहण्याचा तलाव आहे?"

"तसाच दिसतोय. माझे डास कुठे गेले?"

तिनं चार हजार डास सोडले होते. माझ्या एआयनं ते ठिपके समजून साफ पुसून टाकले होते. आणि चूक एआयची नव्हती. तिला शिकवण्यासाठी मी जी हजारो चित्रं बनवली, त्यांत मी डास बंद ठेवले होते. जन्मभर प्रत्येक उन्हाळा डासांना रक्त पाजण्यात गेलेल्या माणसाला ते एका बटणानं घालवता आले, तर तो दुसरं काय करणार?

"तू माझे सगळे डास मारलेस."

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच जमलं गं."

"हसू नकोस. डास नसलेलं तळं ऑस्मोला पटेल? कुठल्या फिनिश माणसाला पटेल?"

मला खरोखर लाज वाटली. आम्ही डास घालून सगळी चित्रं पुन्हा बनवली आणि एआयला नव्यानं शिकायला बसवलं. दोन दिवस हिल्का माझ्या शेजारी बसून होती. "हा पुसलास. हाही पुसलास. अरे, ती तर गाभण मादी होती." मी ओरडा खात होतो आणि मजेत होतो. मंगळवारी संध्याकाळी धक्क्यावर डासांचा पहिला थवा दिसला, उन्हात पंख चमकवत वरखाली होणारा. आम्ही दोघं येड्यासारखे हसत सुटलो.

बुधवारी तीनला ऑस्मो पडद्यासमोर बसला. बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे खोलीत फक्त संगणकाच्या पंख्यांची घरघर. हिल्कानं माझी बाही घट्ट धरली होती. ऑस्मो खेळात चालत धक्क्याच्या टोकाला गेला आणि थव्यात उभा राहून पाण्याकडे बघत राहिला. बराच वेळ.

मग त्यानं फाडकन स्वतःच्या मानेवर चापट मारली.

तळहात निरखून पाहिला. हिल्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि ती हसतही होती.

"हेच तळं ठेवा," मान चोळत ऑस्मो म्हणाला, "आणि ती खिडकी लावून घ्या."

खिडकी सकाळपासून बंदच होती.