नवरी ब्रेकवर

माझी नणंद बुरुल लग्नाच्या दिवशी सकाळपासून रडत होती. आमच्या कोचकोरमध्ये माहेर सोडताना जी मुलगी रडत नाही, तिच्याबद्दल बायका पुढची कित्येक वर्षं बोलतात, त्यामुळे रडायचंच असतं. पण बुरुल फारच मन लावून रडत होती. सासूबाई, म्हणजे तिची आई, तिला गळ्याशी धरून विलापाचं गाणं म्हणत होत्या, तिकडे पुरुषमंडळी नवरीसोबत द्यायच्या गाद्या-रजया गाडीच्या मागच्या बाजूला कोंबत होती आणि मी डोळे पुसत पुसत तळलेले बोरसोक खात होते.

गाडी नवऱ्या मुलाच्या ओरोझकाकांची होती. जुनी जपानी फोर-व्हील, उंच, पांढरी, ऑटोमॅटिक गिअरची. तिच्या बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत कागदी फुलं चिकटवलेली. बुरुलला पुढच्या सीटवर बसवलं. मागे नवरामुलगा तिलेक आणि त्याची काल्यमआत्या. काकांनी गाडी सुरू केली, हॉर्न वाजवला, मागच्या सगळ्या गाड्यांनी उलट हॉर्न वाजवले, सासूबाईंनी शेवटची आर्त तान घेतली...

आणि गाडी जागेवरच.

काका गिअरचा दांडा ओढत होते. दांडा ‘पी’वर अडकून बसला होता. दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना.

‘‘नवरी जड आहे!’’ मागून कुणीतरी ओरडलं.

‘‘तुझी बायको जड!’’ बुरुल रडता रडता म्हणाली.

काका खाली उतरून म्हणाले, ‘‘किमिझ सांडलंय. सकाळी घाटात कॅनचं झाकण उडालं, सगळं गिअरपाशी गेलं. घोडीचं दूध कुठेही शिरतं.’’

‘‘नजर लागलीय,’’ आत्याने जाहीर केलं. ‘‘अर्चाच्या फांद्यांची धुरी आणा.’’

माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘‘धुरी कशाला? सून आहे ना!’’

हे सांगायला हवं की बाजारामागे ‘ऑटो-इलेक्ट्रिक’ अशी पाटी आहे ते दुकान माझं आहे. नवऱ्याचं समजून लोक त्याला हाक मारतात आणि तो मला हाक मारतो. मी सणाचा मखमली झगा वर खोचला, आमच्या गाडीतून हत्यारांची पेटी आणली आणि म्हणाले, ‘‘सगळे गप्प बसा. काका, ब्रेक दाबा.’’

ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’मधून सुटत नाही. ब्रेक दाबला की दांड्याखाली ‘टक’ असा बारीक आवाज होतो आणि कुलूप उघडतं. मी दांड्याला कान लावला. आवाज नाही.

‘‘मागे बघा रे, ब्रेकचे दिवे लागतात का?’’

‘‘नाही!’’ मागून दहाजण एका सुरात.

‘‘मग तुमचं किमिझ निर्दोष आहे,’’ मी काकांना म्हटलं. ‘‘गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाहीये.’’

फ्यूज काढला. जळालेला. नवा घातला. ‘‘काका, दाबा.’’ तोही जळाला.

‘‘आता?’’

‘‘आता कुठेतरी वायर गाडीच्या पत्र्याला टेकलीय. ती शोधायची.’’

‘‘दांड्याशेजारी ते छोटं बटण असतं ना, त्याने सुटेल की!’’ काकांनी सुचवलं.

‘‘सुटेल. आणि ब्रेकच्या दिव्यांशिवाय घाट उतरलात तर मागची सगळी वरात तुमच्या डिकीत येऊन बसेल.’’

मी स्टिअरिंगखाली फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. युक्ती सोपी आहे. वायर टेकलेली असली की बल्ब लख्ख पेटतो, सुटली की मंद होतो. फक्त कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसायला हवं. काकांचा तेवढा धीर नव्हता. ते दर क्षणाला ‘सापडलं का?’ म्हणत खाली उतरायचे.

‘‘मी दाबते,’’ बुरुल म्हणाली.

‘‘नवरी खाली उतरायची नाही!’’ आत्या कडाडली. ‘‘बसलेली नवरी उतरली की संसार मोडतो.’’

‘‘उतरत नाही, आत्याबाई.’’ आणि माझ्या नणंदेने चुण्यांचा पांढरा झगा गोळा केला, दांड्यावरून एक पाय टाकला, मग दुसरा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर धप्पकन बसली. डोक्यावरची ओढणी आरशात अडकली ती तिने ओढून काढली. वरातीत टाळ्या पडल्या. सासूबाई गाणं विसरल्या.

‘‘दाब!’’

‘‘दाबला!’’

बल्ब लख्ख. मी डाव्या दिव्याचा जोड काढला. लख्खच. उजव्याचा काढला. तरी लख्ख. दोन्ही पुन्हा लावले. तेवढ्यात आत्याने पेटत्या अर्चाची वाटी माझ्या नाकाखालून नेली. मी खोकले, बुरुल खोकली, तिलेक खोकला.

‘‘वहिनी, सोडू का? पायाला मुंग्या आल्या.’’

‘‘संसारात याहून जास्त येतील. दाबून ठेव!’’

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. आणि बुरुलही. सकाळपासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, मागचं दार उघडून आतली वायर बघू. दार उघडलं मात्र, गादी-रजयांचा डोंगर माझ्या अंगावर! मी खाली, वर सात रजया, आणि रजयांच्या आतून मला बुरुलची किंकाळी ऐकू आली, ‘‘वहिनी! बल्ब मंद झाला!’’

‘‘दार लावा!’’ मी रजयांखालून ओरडले.

‘‘लख्ख!’’

‘‘उघडा!’’

‘‘मंद!’’

आता सगळी वरात ओरडायला लागली. दार उघडलं की ‘मंद!’, लावलं की ‘लख्ख!’ सासरे तालावर टोपी उडवत होते. मी कशीबशी बाहेर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकच माणूस ओरडत नाहीये. तिलेक गाडीतून उतरून दारावरच्या कागदी फुलांकडे पाठ करून उभा होता, कानापर्यंत लाल.

‘‘जावईबापू, बाजूला व्हा.’’

‘‘तिथे काही नाही.’’

मी त्याला हाताने बाजूला सारलं, फुलं उचलली. खाली लहान लहान लाल दिव्यांचा एक मोठा बदाम. त्याची बारीक वायर दाराच्या फटीतून आत जाऊन ब्रेकच्या दिव्याच्या वायरला पिळलेली. रजया कोंबून दार आपटलं तेव्हा ती दारात चेचली गेली होती.

‘‘हे कुणी केलं?’’

तिलेकने मान खाली घातली. ‘‘मीच. घाटात काकांनी ब्रेक दाबला की बदाम पेटला असता. मागच्या सगळ्यांना दिसला असता. बुरुलला नंतर सांगणार होतो.’’

मग गाडीच्या खिडकीतून बुरुलचं डोकं बाहेर आलं, ओढणी मागे, काजळ गालावर. ‘‘माझ्यासाठी बदाम लावलास?’’

‘‘हो.’’

‘‘आणि गाडी बंद पाडलीस?’’

‘‘हो.’’

ती इतकी हसली की हॉर्नवर आपटली. हॉर्न वाजला, मागचे सगळे पुन्हा वाजायला लागले.

मी वायर कापली, मूळ वायरला टेप गुंडाळली, नवा फ्यूज घातला. ‘‘दाब!’’ दांड्याखाली ‘टक’ झालं. असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

‘‘झालं! बुरुल, सरक आता तिकडे.’’

‘‘बदाम पेटल्याशिवाय मी ब्रेक सोडणार नाही.’’

काय करणार? मी बदामाला वेगळा फ्यूज दिला, वायर रबरी नळीतून दाराच्या बिजागरीपाशी नीट नेली आणि बांधली. तिलेक माझ्यामागे टेप धरून उभा होता, मी मागितली नसताना कात्री देत होता. बदाम पेटला तेव्हा तो स्वतःच पहिल्यांदा ओरडला.

ओरोझकाका सीटवर चढायला आले. बुरुलने दांडा ‘डी’वर टाकला. गाडी चालवायला मीच तिला शिकवलं होतं, वरच्या कुरणात, मेंढ्या चुकवत.

‘‘काका, मागे बसा. परत दांड्यावरून उडी मारायला सांगू नका.’’

‘‘ताई!’’ काका आत्याकडे दाद मागायला वळले.

तोवर मागच्या सीटवर चढून बसलेल्या आत्याने धुरीची वाटी खिडकीतून बाहेर भिरकावली. ‘‘बस रे गपचूप! पोरगी उतरायची नाही म्हटलं ना मी? चालव ग, उशीर होतोय.’’

आणि नवरी निघाली. तिलेक शेजारी, काका आणि आत्या मागे रजयांना धरून. प्रत्येक वळणावर बदाम पेटायचा. वळण नसलं तरी पेटायचा. आम्ही मागच्या गाडीत बसून प्रत्येक वेळी ओरडत होतो, आणि सासूबाई, ज्यांनी सकाळपासून विलाप केला होता, त्या सगळ्यांत मोठ्याने.

सासरच्या अंगणात तिलेकची आई नवरीवर उधळायला गोळ्या-चॉकलेटांचं ताट घेऊन डावीकडच्या दाराशी उभी होती. त्या दारातून तिचा मुलगा उतरला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीपलीकडे, जिथे पांढऱ्या झग्यातली सून ड्रायव्हरचं दार लोटून खाली उडी मारत होती.

‘‘अगंबाई, गाडी तू आणलीस?’’

‘‘हो, आई.’’

तिलेकची आई गर्दीतून वाट काढत गाडीपलीकडे गेली, ताटातल्या सगळ्या गोळ्या तिने सुनेच्या डोक्यावर उधळल्या आणि ती तिच्या गळ्यात पडली.