पायांतून निघालेलं विष

"आलं, आलं! बघा, निघायला लागलं!"

वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत सोळा म्हातारी माणसं माना उंचावून एका प्लास्टिकच्या टबाकडे बघत होती. टबात मिस्टर प्रोबर्ट यांचे सुजलेले पाय होते आणि पायांशेजारी विजेच्या यंत्राची एक डबी. दहा मिनिटांपूर्वी त्यात नळाचं स्वच्छ पाणी होतं. आता त्याचा काढा झाला होता. वर नारिंगी फेस आणि मध्ये काळे कण तरंगत होते.

"हा फेस सांध्यांतला," अंगातलं विष काढून देणारे क्लाइव्ह डॅनफर्थ पाण्यात पेन्सिल फिरवत म्हणाले. "हे काळं यकृतातलं. आणि ही हिरवट साय... खरं सांगा, पित्ताचा त्रास आहे ना?"

"होता बुवा. एकोणीसशे त्र्याहत्तर साली."

"बघा! चाळीस वर्षं आत दडून बसलं होतं बेटं!"

टाळ्या पडल्या. ऑलवेनबाईंनी तर डोळे पुसले आणि आपला नंबर कधी ते विचारलं. टाळ्या मीही वाजवल्या. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी फार शहाणी होते असा तुमचा समज व्हायचा.

माझं नाव नेस्टा. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्याकडे वैद्यकीय शिक्षणाचा अर्ज करण्याआधी काही दिवस आजारी माणसांत काम करायचं असतं, आणि तिथं काय शिकलात हे मुलाखतीत सांगावं लागतं. माझ्या वर्गातल्या टेगनला मामाच्या ओळखीनं मोठ्या इस्पितळात ऑपरेशनं बघायला मिळत होती. ती रोज फोनवर रक्ताच्या गोष्टी सांगायची. मी मात्र वेल्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातल्या या वृद्धाश्रमात चहा करत होते, कवळ्या धूत होते आणि दर सोमवारी सगळ्यांची वजनं लिहीत होते. ऑगस्ट अर्धा संपला होता, ऑक्टोबरात अर्ज जायचा होता, आणि माझ्या टिपणवहीत सांगण्यासारखं काहीच नव्हतं. जिवाची नुसती तगमग चालली होती. म्हणून त्या दिवशी मी अधाशासारखं लिहिलं, 'शरीरातलं विष बाहेर पडताना प्रत्यक्ष पाहिलं.'

पुढच्या सोमवारी मिस्टर प्रोबर्ट यांचं वजन आठवड्यात चार किलोंनी वाढलेलं दिसलं. म्हातारा तर चिमणीएवढं खायचा. काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः त्यावर उभी राहिले. काटा ठीक होता. मग त्यांची चादर बदलायला गेले, तर उशीच्या अभ्र्यातून अकरा पांढऱ्या गोळ्या खाली पडल्या. हृदय थकल्यानं त्यांच्या अंगात पाणी साठायचं, ते उतरवणाऱ्या गोळ्या होत्या त्या.

"मिस्टर प्रोबर्ट, हे काय?"

"तू काही बघितलं नाहीस." एका वाक्यात त्यांना दोनदा धाप लागली. "क्लाइव्ह म्हणतो, बाहेर पडतंय ते... या गोळ्यांचंच विष. ते काढायचं आणि सकाळी परत गिळायचं? मरेड सिस्टरला सांगू नकोस. शब्द दे मला."

मी शब्द दिला. आणि मग तासभर कपडे धुण्याची खोली ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालत राहिले. हातातून दोन कप फुटले. शब्द पाळावा तर त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मोडावा तर कुठल्या तोंडानं पुन्हा त्यांच्या खोलीत जायचं? शेवटी गेले आमच्या मुख्य नर्स सिस्टर मरेड यांच्याकडे.

त्यांनी ऐकून घेतलं. "सांगितलंस ते बरं केलंस. तास घालवलास ते वाईट. आणि यापुढे असला शब्द देऊच नकोस. 'ज्यांना कळायला हवं त्यांना मी सांगणार,' असं आधीच म्हणायचं."

डॉक्टर आले. फुप्फुसांत पाणी भरायला लागलं होतं. गोळ्या आजच सुरू व्हायला हव्या होत्या, नाहीतर इस्पितळ. मिस्टर प्रोबर्ट यांनी दोन्हींना नकार दिला. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी," एवढंच त्यांचं म्हणणं.

"मग जबरदस्ती करा ना!" मी म्हणाले.

"त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, नेस्टा. नाही म्हणायचा हक्क त्यांचा आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण तो नकार खऱ्या माहितीवर उभा हवा. क्लाइव्हला 'करमणुकीचे कार्यक्रम' या सदरात परवानगी दिली आमच्या व्यवस्थापकांनी! त्यांच्याशी मी बोलते. तू काही उद्योग करू नकोस."

मी उद्योग केला. दुपारी क्लाइव्ह आले, टब भरला, मीठ टाकलं, यंत्राची डबी पाण्यात सोडली आणि टॉवेल आणायला गेले. मी बटण दाबलं. टबात कुणाचेच पाय नव्हते. ते परत येईपर्यंत पाणी तपकिरी झालं होतं.

"मिस्टर डॅनफर्थ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे यकृत कुणाचं?"

क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या क्षणी हसू परत आलं. "पोरी, हेच तर सांगतोय! एवढ्या आजारी माणसांची ही खोली. माझं यंत्र हवेतलं विषसुद्धा ओढतं!"

"अगं बाई, हवेतसुद्धा!" ऑलवेनबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि नाकाला रुमाल लावला.

मला वाटलं होतं टाळ्या पडतील. मिस्टर प्रोबर्ट वॉकर पकडून उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "शब्द मोडलास तो मोडलास. वर सगळ्यांसमोर मला खुळ्यात काढलंस." आणि ते खोलीत निघून गेले.

सिस्टरांनी क्लाइव्हना घालवून दिलं. "सामान उद्या न्या," म्हणाल्या. मग माझ्या हातात घमेलं दिलं. "जा, त्यांचे पाय धू. आणि भाषण देऊ नकोस."

मी पाय धुतले. पोटरीवर बोट टेकलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. ते आपल्या पायांकडे बघत म्हणाले,

"क्लाइव्ह अर्धा अर्धा तास माझे पाय हातात घेऊन बसतो. तुम्ही येता, गोळी पुढे करता, 'गिळा' म्हणता, की चाललात. बायको गेल्यापासून या पायांना कुणी हात लावला नव्हता."

"खरं आहे," मी म्हणाले. दोन आठवडे मी त्यांचं वजन लिहीत होते, पण त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. म्हणून विचारलं, "तुम्ही काम काय करायचात?"

"बोटींचं. एकेचाळीस वर्षं बंदरावर बोटींचे तळ दुरुस्त केले. खारं पाणी लोखंड खातं, पोरी. त्यात बोटीतली वीज पाण्यात गळत असली, तर मग बघायलाच नको. एका मोसमात पत्र्याची चाळण..." ते थांबले. "त्या क्लाइव्हच्या डबीत काय असतं गं?"

"बघितलं नाही."

"घेऊन ये. टब, मीठ, सगळंच घेऊन ये."

डबी उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या. एक बऱ्यापैकी शाबूत, दुसरी कुरतडून कागदासारखी झालेली. त्यांनी तिच्यावर नख ओढलं, वास घेतला.

"आधी मीठ न घालता लाव."

पंधरा मिनिटं झाली तरी पाणी जवळपास तसंच.

"आता घाल. माझ्या वेळी किती घालतो तो?"

"मूठभर. ऑलवेनबाईंच्या वेळी चिमूटभर."

मूठभर मीठ पडलं आणि पट्टीभोवती तपकिरी ढग उठला. फेस, काळे कण, हिरवट साय, सगळं हजर. ते खोकला येईपर्यंत हसले. मग हसता हसता डोळे भरून आले त्यांचे.

"गंज आहे हा. मीठ, पाणी, लोखंड आणि वीज. जन्मभर याच्याशी भांडलो, आणि माझ्या पायाशी येऊन बसला तर ओळखला नाही मी." त्यांनी हात पुढे केला. "दे ती गोळी. आणि लगेच पळू नकोस, बस जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन सव्वा किलोनं उतरलं होतं. क्लाइव्ह सामान न्यायला आले, तेव्हा बैठकीच्या खोलीत मिस्टर प्रोबर्ट टबापाशी बसून सगळ्यांना गंज दाखवत होते.

"ये, ये," ते म्हणाले. "एवढं सांग, या पट्ट्या किती दिवसांनी बदलाव्या लागतात रे?"

"दर तीन महिन्यां—" क्लाइव्ह बोलून गेले.

"माणसाचं विष निघत असतं, तर पट्टी का झिजली असती?"

क्लाइव्हनी टब उचलला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले.

"मग माझं यकृत?" ऑलवेनबाईंनी घाबरून विचारलं.

"ते तुमच्यापाशीच आहे, बाई. सांभाळा."

आज मी डॉक्टर आहे. पाण्याचा रंग, झाडपाल्याच्या पुड्या, मंतरलेले दगड घेऊन रोज कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. त्यांना मी हसत नाही. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगते. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, माणूस बाजूला ठेव आणि तेच पुन्हा करून दाखव. पाय नसताना पाणी काळं होत असेल, तर ते काळं पायांतलं नाही. एवढा विचार करायला कुठली पदवी लागत नाही, आणि तो तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणाला करू देऊ नका.