साखराबाईच्या मेंढरांची फौज

यायचे होते चाळीस घोडे आणि आला एक माणूस, तोही पायी. त्यानं धर्मराजशेठना लवून सलाम केला आणि सांगितलं, की जहागीरदारसाहेबांच्या मेव्हण्याचं लग्न निघालंय, घोडे सगळे वरातीला गेलेत, माफी असावी. झालं! धर्मराजशेठ धारूरच्या किल्ल्याच्या दरवाजात मटकन खालीच बसले.

फसली सन तेराशे अडतीसमधली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणतीसच्या माघ महिन्यातली ही गोष्ट. शेठची सिनेमा कंपनी पुण्याहून आली होती. सिनेमा तेव्हा मुका होता, पण शेठ नव्हते. मूळचा तंबाखूचा धंदा सोडून ते या नादाला लागले होते आणि मालकही तेच, डायरेक्टरही तेच. चित्राची गोष्ट अशी, की एक राणी किल्ल्यात कोंडली जाते आणि शेवटी तिच्या भावाची फौज दौडत येऊन तिला सोडवते. वेढा घेऊन झाला होता. राणीचं रडणं तर दोन दिवस चाललं होतं. राहिली होती फक्त फौज. किल्ल्याचा सरकारी परवाना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होता आणि कोरं रीळ उरलं होतं एक. फौज आली नाही, तर राणी किल्ल्यात आणि चित्र डब्यात.

सगळ्यांत जास्त जीव जळत होता उत्तरेश्वरचा. हा कॅमेरावाला गडी इथलाच, युसूफ वडगावचा. घरातून पळून पुण्याला गेला आणि दहा वर्षं दुसऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या तिपाया खांद्यावर वाहिल्या. आता कुठं पहिल्यांदा कॅमेऱ्याचं हँडल त्याच्या हाती आलं होतं. हे चित्र पडलं की पुन्हा आपली तिपाई आणि आपला खांदा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो शेठजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, घोडे दाखवायचेच कशाला? धूळ दाखवू. शेठनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, की धूळ बघायला लोक घर सोडून तंबूत येतात का.

"शेठ, घोडे दाखवले की लोक मोजतात," उत्तरेश्वर म्हणाला. "चाळीस म्हणजे चाळीसच. धूळ कोण मोजतंय? ज्याच्या मनात जेवढी फौज, तेवढी त्याला दिसेल."

शेठना हे पटलं असं नाही, पण बुडत्या माणसाला पटवून घ्यावंच लागतं. कंपनीच्या पाच-सहा जणांना बाभळीच्या फांद्या ओढत पळवून पाहिलं. सून अंगण झाडते तेवढी धूळ उडाली आणि पळणारे मात्र खोकून खोकून बेजार झाले. शेठ पुन्हा डोक्याला हात लावून बसले. आणि तेवढ्यात, दिवस कलताना, किल्ल्याखालच्या गाडीवाटेनं तीनशे मेंढरं आली. मागं मावळतीचं ऊन, पुढं मेंढरं आणि मधली सगळी धूळ सोन्यासारखी पेटलेली. उत्तरेश्वर पायातली वहाण तिथंच टाकून खाली धावला.

कळप साखराबाईचा. नावाला नवरा म्हाळू मालक होता, पण तो मागून मुकाट चालायचा आणि बोलायचं काम बायकोवर सोपवून मोकळा झाला होता. उत्तरेश्वरनं हात जोडून विचारलं, की मावशी, उद्या याच वेळेला ही मेंढरं जरा पळवाल का. साखराबाईनं काठी जमिनीवर आपटली.

"पळवाल का म्हणं! आरं, निम्म्या गाभण हायत. पळवल्या तर गाभ टाकतील. तुझ्या खेळापायी मी का म्हून पळवू?"

मग चालवत आणा, तो म्हणाला. तर बाई म्हणाली, चालत्या मेंढराची धूळ कशी असती ते तुला ठावं न्हाई. चालत्याची गुडघ्याएवढी, पळत्याची डोक्याच्या वर. डोंगराआड कळप असला तरी नुसत्या धुळीवरून ती सांगत असे, की मेंढरं चरायला निघालीत का पाठीमागं लांडगा लागलाय. उत्तरेश्वर ऐकत राहिला. त्याच्या मनात भलतंच काहीतरी शिजायला लागलं आणि तो एकदम म्हणाला, की चालू द्या, गुडघ्याएवढीच चालंल. पण साखराबाईचा असल्या पुणेरी लोकांवर काडीचा विश्वास नव्हता. तिनं म्हाळूच्या कमरेची पिशवी सोडवून भंडारा पुढं धरला. बिरोबाची शपथ घे, एकबी मेंढरू पळणार न्हाई. त्यानं चिमूटभर हळद उचलून कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाटेच्या कडेला कंबरभर खड्डा खणून कॅमेरा आत उतरवला. खालून बघितलं की गुडघ्याएवढी धूळही आभाळाला टेकते. ज्वारीच्या ताटांना पत्र्याची पाती बांधून भाले केले आणि ते घेऊन म्हाळू आणि गावातले सात जण कळपात वाकून चालायचे, म्हणजे धुळीच्या वर फक्त टोकं दिसतील. साखराबाई सगळ्यांच्या पुढं. सूर्य टेकला, मेंढरं निघाली आणि उत्तरेश्वरनं हँडल फिरवायला घेतलं.

आता हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याची गंमत अशी, की सेकंदाला दोन फेरे मारायचे. तेवढेच मारले की माणूस पडद्यावर माणसासारखा चालतो. उत्तरेश्वरनं मारला एक. कमी फिरवलं, की पडद्यावर सगळं दुप्पट पळतं. चित्र पांढरंफटक पडू नये म्हणून भिंगाचं तोंड त्यानं आधीच बारीक केलं होतं. शेठ खड्ड्याच्या काठावरून दातओठ खात होते, की हा झोपला का काय. पण हा आपला मनातल्या मनात आकडे मोजत, घाम गाळत, जीव मुठीत धरून सावकाश फिरवत होता. एकही मेंढी पळाली नाही. एक तर मधेच थांबून बाभळीच्या शेंगा खात निवांत उभी राहिली.

पुण्यात चित्र लागलं आणि फौज दिसली की लोक बाकावर उभे राहायला लागले. शेठ आता जो भेटेल त्याला सांगत, की घोडे दाखवले की लोक मोजतात. त्या खुशीत उत्तरेश्वरनं एकच मागणं मागितलं, की तंबू एकदा धारूरला न्यायचा. आणि मृगाच्या आधी, बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला तंबू धारूरात लागलाही. साखराबाई आणि म्हाळू अगदी पुढं, सतरंजीवर. चित्र दाखवायच्या मशीनलाही कॅमेऱ्यासारखेच सेकंदाला दोन फेरे लागत; त्याचं हँडल उत्तरेश्वरच्याच हातात आणि शेजारी शेठ.

फौज आली. काय ती धूळ, काय ते भाले! तंबू नुसता गर्जत होता, कुणाचा पटका वर उडाला ते कुणालाच कळलं नाही. त्या गोंधळात साखराबाई उठली आणि माणसं तुडवत मशीनपाशी आली. तिचा चेहरा बघून उत्तरेश्वरचा हात आपोआप थांबला आणि त्यानं झटकन दिवा झाकला.

"तू भंडारा उचललता," ती म्हणाली.

तो म्हणाला, मावशी, तुम्ही स्वतःच होता की तिथं. पळाली का एक तरी?

"मी पुढं व्हते. मागचं मला काय दिसलं? आन आमचा धनी तर तोंडच उघडत न्हाई. पर धूळ मला खोटं सांगत न्हाई. पळतेत माजी मेंढरं." तिनं दोन बोटं पुढं केली. "त्याच म्हैन्यात दोघींनी गाभ टाकला. मी रानाला बोल लावत बसले, बाबा."

 हँडलची, फेऱ्यांची गोष्ट उत्तरेश्वरनं सांगून पाहिली, पण ती त्याच्याच कानांना थाप वाटत होती. लोक ओरडत होते. तेव्हा त्यानं रीळ काढलं आणि उलटं गुंडाळायला लागला. शेठच्या ध्यानात आलं आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"अरे, फौजेची मेंढरं करशील सगळ्यांदेखत! आणि दिव्यापुढं रेंगाळलं तर रीळ पेटेल ते वेगळंच."

खरंच होतं ते. आयुष्यात त्यानं एवढं एकच स्वतःचं म्हणावं असं काही केलं होतं. पण साखराबाई समोरून हलत नव्हती आणि कपाळावरची ती हळद त्याला अजून जाणवत होती. त्यानं शेठचा हात हळूच सोडवला, दिवा उघडला आणि हँडल फिरवलं, सेकंदाला एक फेरा, चित्र घेताना मारला होता तसाच.

पडद्यावरची धूळ चालत्या मेंढरांच्या धुळीसारखी संथ झाली. भाले डुलत डुलत निघाले. आणि धूळ विरली तिथं एक मेंढी उभी, निवांत शेंगा खात. "आरं, ही तर मेंढरं हायत बे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा तंबू हसत सुटला. उत्तरेश्वरचे कान तापले. हसणाऱ्यांकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही, तो फक्त फेरे मोजत होता.

साखराबाई मात्र हसली नाही. शेवटचं शेपूट जाईपर्यंत ती एकटक बघत राहिली. मग म्हाळूकडे वळून म्हणाली, "चालतेत." म्हाळूनं मान डोलावली. तिनं उत्तरेश्वरच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर काडकन बोटं मोडली आणि पुन्हा पुढं सतरंजीवर जाऊन बसली.

शेठ दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. उत्तरेश्वर दिवा विझवायला वाकला, तेवढ्यात पुढून तिचा आवाज आला.

"आता पळीव की."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय, मावशी?"

"पयल्यावानी पळीव. ती राणी कवाची कोंडलीय आत."

त्यानं रीळ पुन्हा गुंडाळलं आणि दोन फेऱ्यांनी सोडलं. मेंढरं आहेत हे तंबूतल्या पोरासोरांनाही आता ठाऊक होतं, तरी धूळ पुन्हा उसळली आणि तंबू पुन्हा उठून उभा राहिला, मघापेक्षा जास्त. शेठही उभे होते. आणि सगळ्यांच्या वर आवाज होता साखराबाईचा. पदर खोचून, काठी उगारून ती म्हणत होती, पळा गं बायांनो, पळा.